हवेचा दाब दर वेळी वेगळा का येतो? गेज बदलण्याआधी एवढं तपासा

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: गेज बिघडलंय, आकडा दर वेळी वेगळा दाखवतंय. सकाळी टायरमध्ये ३० पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड, हे दाबाचं एकक), दुपारी ३४. पंपावर ३२ भरून आणलं आणि घरच्या गेजने पाहिलं तर २९. मोबाइलमधलं वायुदाबाचं ॲप ९५२ हेक्टोपास्कल (हवामानातलं दाबाचं एकक) म्हणतं, हवामान केंद्र त्याच वेळी १०११ सांगतं. मग नवं गेज येतं, ते तिसराच आकडा दाखवतं, आणि शेवटी माणूस कंटाळून टायर दाबून किंवा लाथ मारून अंदाजाने हवा भरायला लागतो. याची मला खरोखर काळजी वाटते. कमी हवेचा टायर जास्त वाकतो, त्यामुळे तापतो, त्याच्या कडा झिजतात आणि वेगात असताना तो फुटू शकतो. आजच्या टायरची बाजू इतकी ताठ असते की चौथा हिस्सा हवा उतरली तरी नुसत्या डोळ्यांना कळत नाही. म्हणून आकड्यावरचा विश्वास उडू देऊ नका.

गेज खरोखर बिघडलेलं असूही शकतं, आणि ते कसं ओळखायचं ते पुढे येईलच. पण त्याआधी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: दाब कुठल्या शून्यापासून मोजलाय, हवा किती गरम आहे, आणि मोजताना आपण किती उंचीवर आहोत. यातली एक जरी बदलली तरी आकडा बदलतो, आणि बदललेला आकडाही बरोबरच असतो.

शून्य कुठलं?

आपल्याभोवतीच्या हवेलाही दाब असतो. समुद्रसपाटीला त्याचं प्रमाण मूल्य १०१३.२५ हेक्टोपास्कल धरतात, म्हणजे ७६० मिलिमीटर पारा किंवा सुमारे १४.७ पीएसआय. टायरचं गेज हा दाब मोजतच नाही. बाहेरच्या हवेला शून्य मानून आतला दाब त्याहून किती जास्त आहे, एवढंच ते सांगतं. पूर्ण बसलेल्या टायरला गेज शून्य दाखवतं, तरी त्याच्या आत बाहेरइतक्याच दाबाची हवा असतेच. गेज ३२ दाखवतं तेव्हा निर्वातापासून, म्हणजे हवा अजिबात नसलेल्या पोकळीला शून्य धरून, मोजलेला दाब ४६.७ असतो. मोबाइलमधला सेन्सर आणि भिंतीवरचा वायुदाबमापक मात्र निर्वातापासून मोजतात. पहिल्याला गेज दाब म्हणतात, दुसऱ्याला निरपेक्ष दाब. दोन यंत्रांचे आकडे जुळवायला जाण्याआधी ती एकाच शून्यावर उभी आहेत का ते पाहा.

एककांचा घोळ त्या मानाने लवकर सुटतो. ३२ पीएसआय म्हणजे २.२ बार, म्हणजे २२० किलोपास्कल, म्हणजे २.२५ किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर. बार आणि किलोग्रॅम प्रति चौरस सेंटीमीटर यांत फक्त दोन टक्क्यांचा फरक आहे, त्यामुळे टायरसाठी ते एकमेकांच्या जागी चालून जातात. काट्याच्या गेजवर बहुधा दोन वर्तुळं असतात आणि घाईत चुकीच्या वर्तुळावर नजर जाते. कुठलं कशाचं आहे ते एकदा नीट बघून ठेवलं की पुरे.

सकाळी ३०, दुपारी ३४

बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो, आणि तो निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे सेल्सिअस अंशांत २७३ मिळवून येणाऱ्या आकड्याच्या, प्रमाणात वाढतो. आकडे घालून पाहू. २५ अंश सेल्सिअसला गेज ३२ दाखवतंय, म्हणजे निरपेक्ष ४६.७. टायर ३५ अंशांपर्यंत तापला तर ४६.७ गुणिले ३०८ भागिले २९८, म्हणजे ४८.३. त्यातून बाहेरचा १४.७ वजा केला की गेजवर ३३.६. नेहमीच्या मोटारीच्या टायरसाठी दर दहा अंशांना सुमारे दीड पीएसआय, हा हिशोब डोक्यात ठेवला तरी निम्म्या शंका तिथेच मिटतात. गाडी चालल्यावर टायर स्वतःच वाकून-सरळ होऊन तापतो आणि तीन-चार पीएसआय सहज चढतात. उन्हाकडच्या बाजूचे दोन टायर सावलीतल्या दोघांपेक्षा जास्त दाखवतात, तेही याच कारणाने.

गाडी बनवणारे जो दाब सांगतात तो थंड टायरचा असतो. थंड म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असलेली, किंवा फार तर एक-दोन किलोमीटर हळू चाललेली, आणि टायरवर थेट ऊन नसलेली. हा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर, इंधनाच्या झाकणाच्या आत किंवा पुस्तिकेत असतो. टायरच्या बाजूवर कोरलेला मोठा आकडा त्या टायरला सोसणारा कमाल दाब आहे, आपण भरायचा दाब नव्हे. ही गफलत फार जणांची होते आणि मग गाडी दगडासारखी उसळते, थांबायलाही जास्त अंतर घेते.

पंप लांब असेल तर तिथे पोहोचेपर्यंत टायर गरम होणारच. अशा वेळी घरीच, निघण्याआधी, थंड टायर मोजा आणि किती कमी आहे ते प्रत्येक चाकाचं वेगळं लिहून घ्या. समजा ३३ पाहिजेत आणि आहेत २८, म्हणजे ५ कमी. पंपावर तोच टायर ३१ दाखवेल. तिथे ३३ भरून थांबू नका, ३१ अधिक ५ असे ३६ भरा. थंड झाल्यावर तो ३३ च्या अगदी जवळ येतो. याच्या उलट, लांबच्या प्रवासात गरम टायर ३७ दाखवतोय म्हणून हवा सोडणं कटाक्षाने टाळा. रात्री तो थंड होईल आणि सकाळी हवा कमी निघेल. त्या कमी हवेवर पुन्हा तो जास्त तापेल, पुन्हा आकडा वाढलेला दिसेल आणि पुन्हा हवा सोडली जाईल. या फेऱ्यात सापडलेला टायर मी सगळ्यात धोकादायक मानतो.

डॅशबोर्डवरचा दाबाचा दिवा थंडीच्या दिवसांत पहाटे लागतो आणि थोडं चालवल्यावर आपोआप जातो, हीसुद्धा वारंवार येणारी तक्रार. दिवा बिघडलेला नसतो. टायर इशाऱ्याच्या मर्यादेच्या काठावर आहे, रात्रीच्या गारठ्याने तो मर्यादेच्या खाली जातो आणि चालून तापल्यावर वर येतो. अमेरिकेच्या नियमानुसार हा दिवा शिफारशीपेक्षा दाब २५ टक्के खाली गेल्यावर लागलाच पाहिजे. म्हणजे दिवा लागेपर्यंत बरीच हवा उतरलेली असते. दिवा गेला म्हणून सुटलो असं समजू नका, त्याच दिवशी थंड टायरमध्ये हवा भरा. काही गाड्यांत चाकात सेन्सर नसतो, चाकांच्या फिरण्याच्या वेगातल्या फरकावरून कुठला टायर बसलाय ते ओळखतात. अशा गाडीत हवा भरल्यावर मेनूमधून प्रणाली रीसेट केली नाही तर ती जुन्या स्थितीशीच तुलना करत राहते.

एक टायर की चारही?

हवा उतरते आहे असं वाटलं की मी आधी हाच प्रश्न विचारतो. चारही टायर सारखेच कमी झाले असतील तर कारण सामाईक आहे: हवामान गार झालं, किंवा भरून बरेच आठवडे झाले. रबरातून हवा हळूहळू झिरपतेच. महिन्याला एखाद-दुसरा पीएसआय कमी होणं धडधाकट टायरलाही चुकत नाही. एकच टायर इतरांच्या मागे पडत असेल तर मात्र गळती आहे, आणि ती शोधलीच पाहिजे. चारही टायरमध्ये एकाच दिवशी, एकाच वेळी, जुन्या नोंदीपेक्षा अचानक तीन-चार पीएसआयचा फरक दिसला, तापमान तेच आहे आणि मधल्या काळात गेज बदललंय, तर संशय गेजवर घ्या.

गळतीसाठी साबणाचं पाणी पुरतं. व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर एक थेंब टाका. फुगा आला तर आतली पिन सैल आहे किंवा तिच्यावर कचरा अडकलाय. पिन काढायची-बसवायची छोटी चावी मिळते, आणि पिन घट्ट करूनही फुगा येत राहिला तर ती बदलावी. मग व्हॉल्व्हचं बूड, रबर जिथे रिममधून बाहेर येतं ती जागा, बोटाने थोडी वाकवून पाहा. जुन्या रबराला तिथे भेगा पडतात. मग टायर आणि रिम यांच्या सांध्यावर दोन्ही बाजूंनी पाणी फिरवा. गंजलेल्या रिमवर इथून बारीक फेस येतो. सगळ्यात शेवटी नक्षी. खिळा सापडला तर घरच्या घरी उपटू नका, तो बऱ्याचदा स्वतःच भोक बुजवून बसलेला असतो.

नायट्रोजन भरला की हा सगळा त्रास संपतो, असं सांगितलं जातं. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापमानाने दाब वाढण्याचा नियम दोघांनाही सारखाच लागू होतो. कॉम्प्रेसरच्या हवेतली वाफ टळते आणि झिरपणं थोडं मंदावतं, एवढाच फायदा. गेज हातात धरण्याचं काम त्याने वाचत नाही.

लागोपाठ तीनदा मोजलं, तीन आकडे

तापमान तेच, टायर तोच, मिनिटभरात तीन आकडे. इथे गेज व्हॉल्व्हवर नीट बसत नाही हे पहिलं कारण. गेजचं तोंड तिरकं पडलं की पिन दबते पण कडेने हवा सुटते, फुस्स आवाज येत राहतो आणि आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो. जास्त मात्र कधीच दिसत नाही, आणि त्याचा उपयोग करून घेता येतो: लागोपाठ घेतलेल्या तीन वाचनांतलं सगळ्यात मोठं वाचन खऱ्याच्या सगळ्यात जवळ असतं. सरासरी काढू नका. आवाज येताक्षणी बंद व्हायला हवा. तो चालू असताना दिसलेला आकडा धरूच नका. तोंडातली रबरी चकती झिजली की हा दोष कायमचा होतो, आणि कित्येक गेज केवळ त्या चकतीपायी फेकली जातात.

दुसरं कारण पंपावरचं. नळीच्या मुठीत गेज असतं आणि दांडा दाबून हवा जात असताना ते नळीतला दाब दाखवतं, टायरमधला नव्हे. हवा वाहत असताना नळीतला दाब टायरपेक्षा बराच जास्त असतो. दांडा सोडा, काटा स्थिरावू द्या, मग वाचा. सायकलच्या पायपंपातही तेच घडतं. त्यात आणखी एक भानगड अशी, की बारीक, टोकाला पेच असलेल्या व्हॉल्व्हमध्ये आतल्या दाबाने झडप मिटलेली असते, त्यामुळे पंप नुसता लावल्यावर गेज काहीच सांगत नाही. एक जोर मारल्यावर झडप उघडते आणि मगच आकड्याला अर्थ येतो.

तिसरं कारण काही डिजिटल गेजमध्ये आढळतं. सुरू होताना ते त्या क्षणीच्या दाबाला शून्य ठरवतं. व्हॉल्व्हवर लावलेल्या अवस्थेत बटण दाबलं तर शून्यच चुकतं आणि पुढचं सगळं चुकीचं येतं. आधी मोकळ्या हवेत सुरू करा, शून्य दिसू द्या, मग लावा.

गेजच बिघडलंय हे कसं ओळखायचं

काट्याच्या गेजच्या आत एक वाकडी, चपटी धातूची नळी असते. आत दाब गेला की ती किंचित सरळ होऊ पाहते आणि ती हालचाल दातेरी चाकातून काट्याला मिळते. फ्रान्सच्या यूजेन बुर्दाँने १८४९ मध्ये या रचनेचं पेटंट घेतलं आणि आजही ती जवळजवळ तशीच वापरात आहे. ही नळी ताठ नसते, म्हणूनच ती मोजू शकते. आणि म्हणूनच गेज कठीण फरशीवर पडलं की ती वाकून बसते. मोकळ्या हवेत काटा शून्यावर येत नसेल, दोनवर थांबत असेल, तर प्रत्येक वाचन साधारण दोनने जास्त आहे असं धरून तेवढे वजा करावे लागतील. मात्र शून्यापाशी काटा अडवणारी खुंटी असलेल्या गेजवर इतका सहज विश्वास टाकू नका. काटा शून्याच्या खाली जाऊ पाहत असेल तर खुंटी त्याला शून्यावरच धरून ठेवते, आणि गेज दिसायला निर्दोष असूनही कमी दाखवत राहतं.

वाचताना काचेवर बोटाने हलकी टिचकी मारा. काटा टिचकीने उडून एक-दोन घरं सरकला तर आत घर्षण वाढलंय. बिघाडाची खात्री करायची तर वेगळ्या जातीचं दुसरं गेज घ्या, एक काट्याचं आणि एक डिजिटल, आणि दोन्ही एकाच टायरवर लागोपाठ तीन वेगळ्या दाबांना लावा, समजा २०, ३० आणि ४०. तिन्ही ठिकाणी फरक सारखाच असेल तर शून्य सरकलंय, तेवढी वजाबाकी करून गेज वापरता येतं. फरक दाबाबरोबर वाढत गेला, किंवा कधी इकडे कधी तिकडे झाला, तर ते गेज बाद करा.

आता अचूकतेबद्दल, कारण इथेच सगळ्यात जास्त गैरसमज आहे. गेजवर २.५ असा वर्ग छापलेला असेल तर त्याचा अर्थ चूक पूर्ण पट्टीच्या २.५ टक्क्यांपर्यंत असू शकते. तुम्ही वाचत असलेल्या आकड्याच्या नव्हे. १६० पीएसआयपर्यंतच्या गेजमध्ये ही चूक ४ पीएसआय झाली. ३२ वाचताना ते ३६ किंवा २८ दाखवूनही नियमात बसतं. तेच ६० पर्यंतचं गेज असेल तर चूक दीड पीएसआयच्या आत राहते. म्हणून आपण वाचतो तो आकडा पट्टीच्या मधल्या भागात येईल असं गेज घ्यावं. मोटारीला ६० पर्यंतचं उत्तम. अरुंद टायरच्या सायकलला १६० चं लागतं, कारण तिथे दाबच ८०-१०० च्या घरात असतो. दशांश दाखवणारं डिजिटल गेज पाहून हुरळू नका. पडद्यावर ३२.४ दिसणं आणि ३२.४ खरं असणं यांत फार अंतर असू शकतं.

फुटबॉल मोजायला मोटारीचं गेज वापरणाऱ्यांची अडचण हीच आहे. खेळाच्या नियमांत चेंडूचा दाब समुद्रसपाटीला ०.६ ते १.१ वातावरण, म्हणजे ८.५ ते १५.६ पीएसआय, इतका सांगितलाय. मोठ्या पट्टीवर एवढी छोटी जागा वाचताच येत नाही. शिवाय चेंडूत हवा थोडी असते. सुई आत घालताना गेजच्या पोकळीत जी हवा जाते ती मोटारीच्या टायरला कळतही नाही, पण चेंडूचा किंवा अरुंद सायकल टायरचा दाब त्याने दिसण्याइतका उतरतो. म्हणजे मोजण्यानेच दाब बदलतो. अशा ठिकाणी वरचेवर मोजण्यापेक्षा गेज जोडलेल्या पंपाने किंचित जास्त भरावं आणि गेज लागलेलं असतानाच थोडी हवा सोडून हव्या त्या आकड्यावर आणावं.

मोबाइल ९५२, हवामान केंद्र १०११

इथे शून्य एकच आहे, उंची वेगळी. जमिनीजवळ दर ८ ते ९ मीटर वर गेलं की दाब सुमारे १ हेक्टोपास्कलने उतरतो. हवामान केंद्रं वेगवेगळ्या उंचीवर असतात. त्यांचे आकडे जसेच्या तसे नकाशावर मांडले तर वादळाच्या जागी नुसत्या डोंगररांगा दिसतील. म्हणून प्रत्येक केंद्र आपला दाब समुद्रसपाटीला किती झाला असता ते काढून सांगतं. मोबाइलचा सेन्सर मात्र तुम्ही उभे आहात तिथला दाब देतो. वरच्या आकड्यांत ५९ चा फरक आहे, म्हणजे मोबाइल समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचीवर आहे. तुमच्या जागेची उंची नकाशावर पाहा. एवढीच निघाली तर दोन्ही आकडे जुळले.

उंचीचा हा परिणाम प्रत्यक्ष मोजला गेला तो १९ सप्टेंबर १६४८ रोजी, फ्रान्समधल्या प्वी द दोम या डोंगरावर. फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कलच्या सांगण्यावरून त्याच्या बहिणीचा नवरा फ्लोराँ पेरिए पाऱ्याची नळी, म्हणजे तेव्हाचा वायुदाबमापक, घेऊन वर चढला आणि माथ्यावर पारा तीन इंचांहून जास्त खाली आलेला दिसला. यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग वेगळाच आहे. दुसरी तशीच नळी पायथ्याशी ठेवली होती आणि एक माणूस दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवून होता. तिच्यातला पारा जागचा हलला नाही, म्हणूनच वरचा फरक हवामानाचा नसून उंचीचा आहे असं ठामपणे म्हणता आलं. दाबाची कुठलीही शंका फेडताना ही रीत कामाला येते: एक यंत्र हलवा, दुसरं जागेवर ठेवा.

मोबाइलमध्ये सेन्सर आहे का, हेही आधी तपासा. बऱ्याच फोनमध्ये तो नसतो, आणि ॲप इंटरनेटवरून जवळच्या केंद्राचा आकडा आणून सुंदर काट्यावर दाखवतं. इंटरनेट बंद करा आणि जिना चढून तीन मजले वर जा. आकडा साधारण १ हेक्टोपास्कलने उतरला तर सेन्सर आहे आणि चांगला आहे. जागचा हलला नाही तर ते ॲप तुमच्याजवळची हवा मोजतच नाही. फोनमधल्या या सेन्सरला बारीक फरक छान कळतात, फोन जमिनीवरून टेबलावर ठेवला तरी आकडा हलतो. पण मूळ आकड्यात १ हेक्टोपास्कल इकडे-तिकडे असणं चालतं. त्यामुळे दोन फोन शेजारी ठेवून १ चा फरक दिसला तर दोघांपैकी कुणीच बिघडलेला नाही.

पाणी आत न जाणाऱ्या फोनमध्ये आणखी एक गोष्ट घडते. कडा दोन्ही हातांनी दाबून धरल्या, घट्ट कव्हर चढवलं किंवा श्वासासाठी ठेवलेलं बारीक छिद्र कचऱ्याने बुजलं, तर आत कोंडलेल्या हवेचा दाब वाढून सेन्सर तोच दाखवतो. फोन कव्हरशिवाय, न दाबता, सपाट जागी ठेवून वाचा. वाऱ्याचाही हातभार असतो. सेकंदाला १० मीटर वेगाचा वारा अडला की सुमारे ०.६ हेक्टोपास्कल दाब वाढतो, २० मीटरच्या वाऱ्याला तोच २.४ होतो, म्हणून वादळी दिवशी खिडकीजवळचा आकडा थरथरत राहतो.

भिंतीवरचा वायुदाबमापक आणि रोजची भरती

भिंतीवरच्या गोल यंत्रात हवा काढून घेतलेली पातळ धातूची डबी असते. ल्युसियाँ विदीने १८४४ मध्ये ती आणली आणि पाऱ्याची गरज संपवली. मागे एक स्क्रू असतो. वारा शांत आणि हवामान स्थिर असेल त्या दिवशी जवळच्या विमानतळाचा किंवा हवामान केंद्राचा समुद्रसपाटीचा दाब घ्या आणि स्क्रू फिरवून काटा तिथे आणा. विमानतळांच्या हवामान संदेशात हा आकडा बहुतेक देशांत क्यू अक्षरापुढे चार अंकांत असतो. यंत्र तळमजल्यावरून दहाव्या मजल्यावर नेलं तर ३०-३५ मीटरच्या फरकाने काटा जवळपास ४ हेक्टोपास्कल उतरतो, पुन्हा लावून घ्यावा लागतो.

रोज दुपारी काटा पडतो आणि पाऊस येत नाही, म्हणून यंत्राला नावं ठेवली जातात. यंत्राचा काही दोष नाही. सूर्याच्या उष्णतेने वातावरणात दिवसातून दोनदा भरती-ओहोटी होते: सकाळी आणि रात्री दहाच्या सुमारास दाब चढलेला, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास उतरलेला. उष्ण कटिबंधात हा फरक ३-४ हेक्टोपास्कलपर्यंत जातो, ध्रुवांकडे जवळजवळ दिसेनासा होतो. म्हणून उष्ण कटिबंधात राहणाऱ्याने आजच्या चारच्या आकड्याची तुलना सकाळच्या दहाशी करू नये, कालच्या चारशी करावी. त्यात तीन-चारची घट दिसली तर ती खरी बातमी आहे. तबकडीवर छापलेल्या "पाऊस", "स्वच्छ" या शब्दांपेक्षा ही घट जास्त सांगते.

बरणीच्या तोंडावर फुग्याचं रबर ताणून त्यावर काडी चिकटवलेला घरगुती वायुदाबमापक मुलांना खूप आवडतो, आणि तो हमखास चुकतो. बरणीतली हवा एक अंश तापली की तिचा दाब सुमारे ३.४ हेक्टोपास्कलने वाढू पाहतो, म्हणजे दिवसभराच्या हवामानातल्या बदलाइतका. काडी बऱ्याच अंशी तापमानच दाखवत असते. बरणी बर्फ-पाण्याच्या मोठ्या भांड्यात गळ्यापर्यंत बुडवून, बर्फ शिल्लक असतानाच दर वेळी वाचली तर तापमान शून्य अंशावर बांधलं जातं आणि काडी खऱ्या दाबाकडे वळते. हा प्रयोग मुलांबरोबर जरूर करा. पाऱ्याचा मात्र घरी अजिबात करू नका, त्याची वाफ विषारी असते.

मनगटी घड्याळाची उंची रात्रीत ३० मीटरने बदलली, तंबू तर जागचा हलला नाही, अशी तक्रार गिर्यारोहक करतात. घड्याळ उंची मोजत नाही. दाब मोजून त्यावरून उंची काढतं. रात्रीत दाब ३-४ हेक्टोपास्कल उतरला की त्याच्या लेखी तुम्ही ३० मीटर वर गेलात. ३००० मीटरवर १ हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे ११ मीटर, त्यामुळे तिथे ही चूक आणखी फुगते. मुक्कामी पोहोचल्यावर घड्याळ वायुदाबाच्या पद्धतीवर टाका, म्हणजे उंची गोठते आणि दाबातला बदल हवामानाचा म्हणून नोंदला जातो. सकाळी निघताना पुन्हा उंचीच्या पद्धतीवर आणा आणि नकाशावर उंची दिलेली खिंड किंवा शिखर आलं की तिथे आकडा दुरुस्त करून घ्या.